लासलगाव, निफाड आणि खाली गेलेली नजर

समजा, मनमाडचा आठ वर्षांचा मुलगा तपासणीला आलाय. नाव विचारलं तर गप्प. गाड्यांचा विषय निघताच लासलगाव, निफाड, नाशिक रोड अशी स्टेशनं धडाधड म्हणतो. नजर मात्र जमिनीवर. आपल्याकडे स्वमग्नता मोजायला ‘इसा’ ही ४० मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. बेरीज ७० किंवा जास्त झाली की स्वमग्नता धरतात. नजरेला नजर न देणं हाही त्यातला एक मुद्दा. पण आपल्या घरांत मोठ्यांसमोर मान खाली घालणं हे तर चांगलं वळण! म्हणून जाणता मानसतज्ज्ञ आईला विचारतो: घरी आजीशी बोलताना हा कुठे बघतो? आणि ऐकू नीट येतं ना, हे त्याआधीच तपासून घेतो.

उपचारांतही घाई नको. पंख्याची घरघर सोसत नसेल तर पंखा बंद. सूचना एका वेळी एकच. ‘इकडे बघ’चा धोशा तर नकोच, काहींना बघणं आणि ऐकणं एकदम जमत नाही. गाड्यांचं वेड मोडायला कशाला जायचं? वेळापत्रकावर वजाबाकी छान शिकवता येते. ‘पंचवटी एक्सप्रेस सुटली, आता पुढे काय लागणार?’ एवढं विचारलं की स्वारी बोलू लागते.