कपाशींतली तूर

वऱ्हाडचा शेतकरी कपाशी पेरतांना मधून मधून तुरीच्या ओळी टाकतो. एक पीक हुकलें तर दुसऱ्यानें घर सांवरावें, हा त्याचा जुना हिशेब होय. अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांतील बचतीस मात्र हा हिशेब क्वचितच लावलेला आढळतो. शेत येथें, घर येथें, वेतन रुपयांत आणि शेअरही स्वदेशी कंपन्यांचेच! नात परदेशीं शिकावयास निघाली कीं तिची फी मात्र डॉलरांत भरावी लागते. १९६६ च्या ६ जूनला ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एकदम साडेसात रुपयांचा झाला; २०२४ च्या डिसेंबरांत तो ८५ रुपयांपलीकडे गेला.

दूरच्या घडामोडींची झळ वऱ्हाडास नवी नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कापसाच्या व्यापारांतून मुंबईंत आलेला पैसा शेअरांच्या सट्ट्यांत शिरला. १८६५ च्या वसंतांत युद्ध संपतांच भाव कोसळले, आणि १ जुलैस वायदे पुरे करण्याची वेळ येतांच भलीं भलीं घराणीं बुडालीं. दोष शेअरांचा नव्हता. उसन्या पैशाचा आणि एकाच तेजीवरील अंधविश्वासाचा होता.

म्हणून आम्ही सुचवितों कीं, बचतीचा एक लहानसा भाग परदेशी शेअरांत असावा. रिझर्व्ह बँकेच्या २००४ पासूनच्या योजनेनें आज प्रत्येक व्यक्तीस आर्थिक वर्षांत अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवितां येते. ही सोय व्यक्तीस आहे, एकत्र कुटुंबाच्या नांवें नाहीं, हें कर्त्या पुरुषानें ध्यानांत घ्यावें. गुंतवणुकीसाठीं वर्षांत दहा लाखांवर रक्कम पाठविल्यास वरील रकमेवर वीस टक्के कर आधीं कापला जातो. तो पुढें विवरणपत्रांत वळता करून घेतां येतो. परदेशी मालमत्तेची नोंद त्या विवरणपत्रांत करणें सक्तीचें आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं. अमेरिकन शेअर साठ हजार डॉलरांहून अधिक असतां धनी वारला, तर वारसांस तेथील मृत्युकर लागूं शकतो. तेव्हां खात्याची माहिती गृहिणीस आणि मुलांस असलीच पाहिजे.

परदेश म्हणजे हमखास नफा, असेंही नव्हे. जपानच्या शेअरबाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या शिखरावर होता, तें त्यानें २०२४ च्या फेब्रुवारींत पुन्हां ओलांडलें. मध्यें चौतीस वर्षें गेलीं! यासाठीं पैसा एकाच देशांत नव्हे, अनेक देशांत विभागावा. कर्ज काढून तर मुळींच गुंतवूं नये. आणि पुढील सात-आठ वर्षें लागणार नाहीं तेवढाच पाठवावा.

तूर कपाशीची जागा घेत नाहीं. पण ज्या वर्षीं कपाशी दगा देते, त्या वर्षीं चुलीवर वरण तिच्यामुळेंच शिजतें.