इंजेक्शनच्या आधी आणि नंतर

घरातले माणूस जाते तेव्हा तो दिवस आपण ठरवलेला नसतो. असाध्य आजाराने तळमळणाऱ्या कुत्र्या-मांजराला दयामरण द्यायचे ठरले की दिवस, वेळ आणि संमतिपत्रावरची सही, सारे मालकाचे असते. त्यामुळे ‘घाई तर झाली नाही ना?’ ही बोच दुःखात मिसळते. त्यात सुतक नाही, भेटायला येणारे नाहीत, रजेचे कारण सांगायचीही चोरी. समाज ज्याची दखल घेत नाही अशा शोकाची मांडणी अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये केली. हा शोक त्यातलाच. ही बोच पुष्कळदा माहितीच्या अभावातून वाढते आणि माहिती पशुवैद्याकडे असते. म्हणून मालकाशी बोलणे हा त्याचा चांगुलपणा न मानता उपचाराचाच भाग मानायला हवा.

‘वेळ आली हे ओळखायचे कसे?’ हा मालकाचा पहिला प्रश्न. अमेरिकी पशुवैद्य एलिस व्हिलालोबोस यांच्या मोजपट्टीत वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगल्या दिवसांचे प्रमाण अशा ७ निकषांना प्रत्येकी ० ते १० गुण देतात. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणे सुसह्य समजतात. आकडा निर्णय घेत नाही, पण रोजच्या नोंदींमुळे उतरण दिसते आणि निर्णयाला आधार मिळतो. प्रत्यक्ष इंजेक्शनबद्दलही आधीच सांगायला हवे. भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून दिली की आधी शुद्ध हरपते, मग श्वास आणि हृदय थांबते. डोळे उघडेच राहू शकतात, स्नायू थरथरतात, लघवी होते, मृत्यूनंतरही एखादा आचका येतो. हे ठाऊक नसलेला मालक ‘त्याला फार त्रास झाला’ अशी समजूत घेऊन घरी जातो.

‘जीव घेणे हे पापच’ हा आक्षेप आपल्याकडे खोल रुजलेला आहे. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातल्या असाध्य आजारी वासराला गांधीजींच्या संमतीने इंजेक्शन देऊन मारले गेले, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. वेदना थांबवण्याचा दुसरा मार्ग नसेल आणि स्वतःचा स्वार्थ नसेल तर ते कृत्य अहिंसेत बसते, अशी त्यांची बाजू होती. स्वार्थाची हीच कसोटी आजही लावावी. घर बदलले किंवा सांभाळण्याचा कंटाळा आला म्हणून कोणी निरोगी प्राणी घेऊन आला, तर पशुवैद्याने नकार द्यावा.

दुसरा आक्षेप वेळेचा: बाहेर रांग असताना समजूत घालत कोण बसणार? पण बरेचसे काम नियोजनाचे आहे. सही आणि पैसे आधीच उरकावेत, दिवसातली शेवटची वेळ द्यावी, अंत्यविधीची सोय सांगावी, चार दिवसांनी सहायकाने फोन करावा. पशुवैद्याने समुपदेशक व्हावे असेही नाही. शोक आवाक्याबाहेर गेला तर योग्य जागी पाठवणे पुरे. ब्रिटनमधली ब्लू क्रॉस ही संस्था अशा मालकांसाठी १९९४ पासून खास सेवा चालवते. आपल्याकडे सुरुवात याहून साधी होऊ शकते: आजार असाध्य आहे हे ज्या दिवशी कळते, त्याच दिवशी हे बोलणे सुरू करावे.