समुद्रांतील भाजी

समुद्रशैवाल खाण्याची गोष्ट काढली, तर चेंबूरची एखादी गृहिणी बहुधा नाक मुरडील. परंतु तिच्याच फळीवरील चायना ग्रास म्हणजे लाल समुद्रशैवाल उकळून, गाळून व वाळवून काढलेला चिकट अंश होय. जिलेटिनप्रमाणें तो जनावरांच्या हाडाकातड्यांपासून निघत नाहीं; म्हणून शाकाहारी घरांतहि त्याचा खरवस निर्धास्तपणें होतो. पोषण मात्र त्यांत जवळजवळ नाहीं.

तें हवें असेल तर शैवालाचें पानच खावयास हवें. हल्लीं शहरांतील मोठ्या दुकानांत ‘नोरी’चे भाजलेले, कागदासारखे पातळ चौकोन मिळतात; ते न शिजवितां खातां येतात. वाळल्या नोरींत सुमारें तिसरा हिस्सा प्रथिनें असतात खरीं. पण अख्खा ताव भरतो जेमतेम ३ ग्रॅम, तेव्हां वरणाची जागा ती घेईल ही आशा व्यर्थ होय. तिची शेती जपानांत जुनी असली, तरी बीज कोठून येतें हें शेतकऱ्यांस ठाऊक नव्हतें. या जातीच्या शैवालाचें एक सूक्ष्म रूप शिंपल्यांच्या कवचांत वाढतें, हें मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनीं १९४९ सालीं दाखविलें, आणि पुढें पीक हुकमी झालें. नोरीचें एक भावंड पावसाळ्यांत कोंकणच्या खडकांवरहि उगवतें.

मग चेंबूरकरांनीं शेजारच्या माहूलच्या खाडीकडे कां वळूं नये? तेथील चिखलांत धाकटे रोहित पक्षी येतात, ते मुख्यतः सूक्ष्म शैवालावरच जगतात. पण पक्ष्याचा दाखला माणसास लागू पडत नाहीं. पाण्यांतील क्षार आणि धातु अंगांत सांठविणें हा शैवालाचा स्वभावच आहे; आणि या खाडीच्या कांठीं तेलशुद्धीचे व रसायनांचे कारखाने आहेत, शिवाय शहराचें सांडपाणी तिला मिळतें. येथील शैवाल ताटांत घेऊं नये, हेंच खरें.

आयोडीनाचें प्रकरण अधिक नाजूक. प्रौढ माणसास दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतें, आणि आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरांत त्याचा बराच भाग मिठांतूनच मिळतो. ग्रॅमभर नोरींत त्याचें प्रमाण बेताचें. परंतु ‘कोंबु’ या तपकिरी शैवालाच्या एका ग्रॅमांत दिवसाच्या गरजेच्या दसपट, कधीं त्याहूनहि अधिक आयोडीन असतें. कमी आयोडीनानें गळ्यांतील थायरॉईड ग्रंथि बिघडते तशी अतिरेकानेंहि बिघडते. या विकाराच्या रोग्यानें वैद्याला विचारल्यावांचून कोंबु चाखूंहि नये. ‘हिजिकी’ या जातींत तर सोमलाचा विषारी अंश आढळल्यानें ती खाऊं नये, असा इशारा ब्रिटनच्या अन्नखात्यानें २००४ सालीं दिला. तेव्हां पाकिटावर केवळ ‘समुद्रशैवाल’ न पाहतां जातीचें नांव वाचावें.

मुंबईच्या दमट हवेंत पाकीट उघडें राहिलें कीं नोरी पापडाप्रमाणें सादळते; कोरड्या तव्यावर क्षणभर फिरविली म्हणजे पुन्हां कुरकुरीत होते.