ताऱ्याचा व्यास कसा मोजला?

हिवाळ्यात मृग नक्षत्राजवळ झळकणारा व्याध मोठ्या दुर्बिणीतूनही आपल्याला ठिपकाच दिसतो. त्याची तबकडी आपल्यापाशी जेमतेम ०.००५९ सेकंदाचा कोन करते. (अंशाचे ३६०० सेकंद.) अडीच सेंटिमीटरचे नाणे पावणेनऊशे किलोमीटरवर ठेवले तर तेवढाच कोन होईल. हे गणित वर्गात जरूर करून पाहावे.

१९२० मध्ये मायकेलसन आणि पीझ यांनी माउंट विल्सनच्या दुर्बिणीवर सहा मीटरची दांडी बसवली. तिच्यावरील दोन आरशांतून आलेले प्रकाशकिरण एकत्र आणून त्यांनी काक्षीचा व्यास मोजला. पण काक्षी राक्षसी तारा आहे. लहान ताऱ्यांसाठी आरसे आणखी दूर हवेत, आणि दांडी लांबली की तिचे सूक्ष्म थरथरणेही घातक ठरते, कारण इथे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशाएवढी चूकही चालत नाही.

निलगिरीतील अरुवनकाडू येथे जन्मलेले हॅनबरी ब्राउन आणि त्यांचे सहकारी ट्विस यांनी वेगळीच वाट धरली. किरण एकत्र आणायचेच नाहीत! दोन आरशांनी प्रकाश दोन प्रकाशसंवेदी नळ्यांवर पाडायचा आणि नळ्यांतील विद्युतप्रवाहांचे चढउतार ताडून पाहायचे. (हे चढउतार सेकंदाला कोट्यवधी वेळा होतात, डोळ्यांना दिसणारे लुकलुकणे वेगळे, ते वातावरणामुळे.) आरसे जवळ असताना चढउतार जुळतात, दूर नेले की जुळणी घटते. ती जितकी लवकर घटेल तितका ताऱ्याचा कोनीय व्यास मोठा. तारांतून येणारे संकेत जुळवायचे असल्याने आरसे ओबडधोबड असले तरी भागते.

अनेक भौतिकशास्त्रज्ञांना हे पटेना. एकच फोटॉन दोन नळ्यांत कसा जाईल? खरे तर कोणताही फोटॉन दुभंगत नाही. असे कण थोडेसे घोळक्याने येतात, एवढेच. १९५६ मध्ये पर्सेल यांनी हे स्पष्ट केले. त्याच वर्षी सैन्याचे जुने सर्चलाइटचे आरसे वापरून घेतलेले व्याधाचे मापही प्रसिद्ध झाले. इंग्लंडच्या ढगाळ हवेत त्यासाठी उपयोगी निरीक्षण मिळाले अवघे १८ तास!

मग ऑस्ट्रेलियात नॅराब्राय येथे १८८ मीटर व्यासाच्या गोल रुळांवर साडेसहा मीटरचे दोन परावर्तक फिरू लागले. प्रत्येकात २५२ षट्कोनी आरसे. तिथे ३२ ताऱ्यांचे व्यास मिळाले. व्याध सूर्याच्या सुमारे पावणेदोन पट निघाला. कोनीय व्यास आणि येणारा प्रकाश कळला की ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमानही काढता येते. तप्त ताऱ्यांचे तापमान मोजायला या मापांचा मोठा आधार झाला. अंधुक ताऱ्यांपुढे मात्र यंत्राचे काही चालेना, कारण त्यांचे चढउतार गोंगाटात बुडून जात. आवाक्यातले तारे संपले आणि १९७० च्या दशकात काम थांबले.