न घडलेल्याची नोंद

मुलावर अन्याय होतो तो काही घडल्यामुळेच, अशी कायद्याची आणि समाजाचीही रूढ समजूत आहे. मारहाण, उपासमार, शिवीगाळ यांच्या खुणा राहतात, साक्षीदार मिळतात. परंतु ज्या घरात अन्नवस्त्र, शिक्षण, औषधपाणी यांत काडीचेही उणे नाही, आईवडील कष्टाळू व निर्व्यसनी आहेत, अशा घरातही मुलाच्या वाट्याला एक निराळे दारिद्र्य येऊ शकते. रडणाऱ्या मुलाला कोणी ‘का रडतोस?’ असे विचारत नाही. ‘पुरे आता’ एवढेच सांगते. घाबरलेल्याला ‘त्यात घाबरण्यासारखे काय आहे?’ असे उत्तर मिळते. यातील एकही प्रसंग तक्रार करण्याजोगा नसतो.

मारलेली चापट मोजता येते; न विचारलेला प्रश्न कसा मोजावा? अमेरिकेत सॅन दिएगो येथे १९९५ ते १९९७ या काळात डॉ. फेलिट्टी व डॉ. अँडा यांनी १७,००० हून अधिक प्रौढांची त्यांच्या बालपणाविषयी पाहणी केली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात भावनिक उपेक्षेचाही समावेश झाला, आणि तेथे प्रश्नच उलटे करावे लागले. काय झाले हे न विचारता, आपण कोणाला तरी महत्त्वाचे वाटतो असे वाटण्याजोगे घरात कोणी होते काय, घर हा आधार होता काय, असे विचारले गेले. जमेच्या बाजूला काही नसणे हीच येथे तूट. बालपणीचे प्रतिकूल अनुभव जितके अधिक, तितके प्रौढपणी नैराश्य, व्यसने व हृदयविकार यांचे प्रमाण अधिक, असे एकंदर पाहणीत आढळले. अर्थात ही सारी भिस्त आठवणीवर होती, आणि समूहाचे प्रमाण म्हणजे एका व्यक्तीचे भविष्य नव्हे.

हे घडते कसे, याची चुणूक मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसते. बाळाशी हसतखेळत असलेल्या आईला दोनतीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवण्यास सांगितले गेले. बाळ प्रथम हसून, हात पुढे करून तिला बोलते करू पाहते. यश न आल्यास मान वळवून अंग काढून घेते. प्रयोगात आई लगेच परत हसते. जेथे वर्षानुवर्षे प्रतिसादच अपुरा पडतो, तेथे मूल मागणे सोडून देण्यास शिकते. आणि आपल्याकडे अशा मुलाला ‘समंजस’ म्हणतात.

हा समंजसपणा पुढे नोकरीत फार उपयोगी पडतो. कचेरीतील सर्वांत भरवशाचा माणूस पुष्कळदा हाच असतो. तो रजा मागत नाही, आजार सांगत नाही, कोणी मदत देऊ केली तर संकोचतो. पत्नीने ‘काय झाले?’ असे विचारल्यावर ‘काही नाही’ म्हणतो ते लपवण्यासाठी नव्हे. त्याला खरोखरच सांगता येत नाही. ज्या भावनेला लहानपणी कोणी नाव दिले नाही, ती त्याला छातीवरचे ओझे किंवा अकारण चीड एवढ्याच रूपात भेटते. वर, काही कमी नव्हते मग हे दुःख कसले, ही अपराधी भावना असतेच.

मुलींच्या बाबतीत हिशेब अधिक कठोर आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील (त्यांत महाराष्ट्र व गोवाही होते) पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. तीत ४८.४ टक्के मुलींनी आपण मुलगा असतो तर बरे झाले असते, असे सांगितले.

एकत्र कुटुंबात हे नव्हते, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या मुलाला उचलून घेणे बापाला तेथे अप्रशस्त वाटे. फरक एवढाच, की आजी, आत्या, काकू यांच्यापैकी एखादी मांडी मोकळी असे. दोन खोल्यांच्या सदनिकेत, दोघेही रात्री आठला घरी पोचणाऱ्या संसारात ती मांडी उरलेली नाही. तिची जागा पाळणाघराची फी भरून निघेलच असे नाही.

आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मात्र काही साधत नाही. इंग्लंडमध्ये २०१५ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मुलाला दिलेला मानसिक त्रासही क्रौर्यात मोडतो, असे स्पष्ट झाले. तरी गुन्हा ठरण्यासाठी तेथेही ते वर्तन हेतुपुरस्सर वा बेपर्वाईचे असावे लागते. येथे ज्या घरांचा विचार चालला आहे त्यांतील बहुतेक आईबापांना, जे स्वतःला कधी मिळालेच नाही ते द्यायचे राहिले आहे, याची कल्पनाही नसते.