थोडक्या पैशांत मसल कारचं इंजिन: ऐकीव गोष्टी आणि खरा हिशोब

मसल कारचं इंजिन नव्याने बांधायचं म्हणजे खिसा रिकामा होणारच, तेवढी ऐपत नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, ही समजूत या छंदात फार जुनी आहे. इतिहास मात्र नेमकं उलटं सांगतो. 1964 साली पॉन्टिअॅकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत 389 घनइंचाचं मोठं इंजिन बसवलं आणि जीटीओ बाजारात आणली, तेव्हा त्या पॅकेजसाठी वर तीनशे डॉलरही मोजावे लागत नव्हते. 1968 च्या प्लिमथ रोडरनरमध्ये गालिच्याऐवजी रबरी मॅट आणि साधी सलग सीट होती, पण बॉनेटखाली 383 घनइंचाचं इंजिन होतं आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत होती. नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोरालाही घेता यावी अशी वेगवान गाडी, हीच या गाड्यांमागची मूळ कल्पना. काटकसर त्यांच्या जन्मापासूनच त्यांच्यात आहे.

तरीही लोकांचे पैसे वाया जातात, आणि ते बहुतेक चुकीच्या जागी घातल्यामुळे जातात. ते कसं, हे नीट सांगण्यासाठी एकच इंजिन धरतो: शेव्हरोलेचं 350. छोट्या ब्लॉकची ही जात 1955 मध्ये 265 घनइंचापासून सुरू झाली. 1967 मध्ये कॅमॅरोत 350 आलं, म्हणजे आपल्या भाषेत साधारण 5,700 सीसी. पुढे ते नोव्हा, शेव्हेल, कॉर्व्हेट, ट्रक, व्हॅन अशा सगळ्यांत कित्येक वर्षं बसत राहिलं, म्हणून त्याचे भाग आजही मुबलक आणि स्वस्त मिळतात. गाडीत मुळात दुसऱ्या कंपनीचं इंजिन असेल तर गोष्ट वेगळी. पण शेव्हरोलेचीच गाडी असेल तर 350 सोडून दुर्मीळ इंजिनाच्या मागे लागणं, हा बजेट मोडण्याचा सोपा मार्ग आहे.

जुन्या जाहिरातीतले आकडे

"पूर्वीच्या गाड्यांत 370 हॉर्सपॉवर असायची, मग मी 300 वर का थांबू?" हा प्रश्न हमखास येतो. 1970 च्या कॉर्व्हेटमधल्या एलटी-1 या 350 इंजिनाची ताकद खरोखरच 370 छापलेली आहे. पण तो आकडा 'ग्रॉस' पद्धतीचा. इंजिन स्टँडवर चढवायचं, अल्टरनेटर, पंखा, एअर क्लीनर, गाडीचा खरा सायलेन्सर यांतलं काही न जोडता मोजायचं. 1971 मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवलं, तेव्हा याच एलटी-1 चा ग्रॉस आकडा 330 झाला. त्याच वर्षी कंपनीने 'नेट' आकडाही दिला: 275. 1972 पासून फक्त नेट आकडे छापायचे ठरले आणि एलटी-1 255 वर आलं. 1971 च्या त्या जोडीत मधले 55 हॉर्सपॉवर केवळ मोजण्याच्या पद्धतीतले आहेत.

म्हणून जुन्या माहितीपत्रकातला आकडा हे आपलं ध्येय ठरवू नये. रस्त्यावर चालणाऱ्या 350 मध्ये 300 ते 330 खऱ्या हॉर्सपॉवर आल्या, तर ती गाडी साठच्या दशकातल्या तिच्या बहुतेक भावंडांना मागे टाकेल.

चार बोल्ट, दोन बोल्ट, आणि मशीन शॉप

क्रँक धरून ठेवणाऱ्या मेन कॅपना काही 350 मध्ये दोन-दोन बोल्ट असतात, तर काहींत मधल्या तीन कॅपना चार-चार. चार बोल्टचाच ब्लॉक हवा, म्हणून लोक दुप्पट पैसे मोजतात. रस्त्यावरच्या 350 ते 400 हॉर्सपॉवरला दोन बोल्टचा ब्लॉक निश्चिंत पुरतो. आणखी एक भ्रम असा की ब्लॉकवरच्या ओतीव क्रमांकावरून हे कळतं. 3970010 हा क्रमांक चार बोल्टचा म्हणून विकला जातो, पण तो दोन्ही प्रकारांत आहे. तळाचा ऑइल पॅन काढून डोळ्यांनी पाहावं, दुसरा इलाज नाही.

बोअर मोठा केला की ताकद वाढते, हेही असंच. झिजलेला सिलिंडर 0.030 इंचाने वाढवला की 350 चं 355 होतं. पाच घनइंच, म्हणजे जेमतेम दीड टक्का. बोअर करायचा तो सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ व्हावा म्हणून. 350 चं 383 करण्याचं तसं नाही. त्यात वाढवलेल्या बोअरसोबत शेव्हरोलेच्याच 400 च्या इंजिनाइतका, 3.75 इंचाचा स्ट्रोक असलेला क्रँक बसवतात, त्यामुळे 33 घनइंच वाढतात आणि खालच्या फेऱ्यांना जोर जाणवतो. पण त्यासाठी ब्लॉक ठिकठिकाणी घासावा लागतो, कनेक्टिंग रॉड कॅमला लागत नाही ना हे तपासावं लागतं, आणि वर हेड जुनंच ठेवलं तर वाढलेल्या इंजिनाचा श्वास तिथेच कोंडतो. पहिल्यांदा इंजिन बांधणाऱ्याने 383 टाळावं, असं मला ठामपणे वाटतं.

खरा पैसा मशीन शॉपमध्ये जातो आणि तो तिथे जायलाच हवा. ब्लॉक गरम रसायनात धुणं, चुंबकीय पद्धतीने तडे तपासणं, बोअर आणि होनिंग, क्रँक घासून 0.010 इंच कमी करणं, यातलं काहीच गाडीच्या प्रदर्शनात दिसत नाही. म्हणूनच लोक इथे हात आखडता घेतात आणि चकचकीत व्हॉल्व्ह कव्हरवर खर्च करतात. सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून पिस्टन आधीच आणून ठेवण्याची सवय तर फार महागात पडते. आधी ब्लॉक मोजायचा, किती बोअर लागतो ते ठरवायचं, मग पिस्टन घ्यायचे आणि प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापाने सिलिंडर होन करायचा, हा क्रम सोडू नये. नायट्रस किंवा सुपरचार्जर लावायचा नसेल तर फोर्ज्ड पिस्टन आणि फोर्ज्ड क्रँक यांची गरज नाही. हायपरयुटेक्टिक पिस्टन आणि कंपनीचा ओतीव क्रँक या कामाला पुरून उरतात.

एक सूचना मात्र कळकळीची. गाडीत तिचं जन्माचं इंजिन असेल, तर ब्लॉकच्या पुढच्या टोकाला, अमेरिकन गाडीत प्रवाशाच्या बाजूच्या हेडपुढे, एक बोटभर सपाट जागा असते. इंजिनाचा कोड आणि, साठच्या दशकाच्या अखेरीपासून, गाडीच्या ओळख क्रमांकाचा काही भाग तिथे ठोकलेला असतो. ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग सरळ करायला मशीनवर चढवला की कटर तिथूनही फिरतो आणि ते आकडे कायमचे जातात. गाडीची निम्मी किंमत त्या आकड्यांत असू शकते. मशीन शॉपला हे लेखी सांगावं. त्याहून बरं म्हणजे तो मूळ ब्लॉक तेल लावून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवावा आणि दुसऱ्या साध्या ब्लॉकवर काम करावं.

हेडवर खर्च करा

माझ्या मते थोड्या पैशांत सर्वाधिक फरक पाडणारी वस्तू म्हणजे सिलिंडर हेड. सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच 350 वर 76 सीसीच्या ज्वलनकक्षाची हेड आहेत. त्यांतल्या 882 क्रमांकाच्या हेडला तडे जाण्याची खोड आहे. त्यांच्यावर पैसे ओतण्यापेक्षा 1996 ते 2000 दरम्यानच्या शेव्हरोले ट्रक आणि व्हॅनमधल्या 5.7 लिटर इंजिनाची 'व्होर्टेक' हेड शोधावीत. ओतीव क्रमांकाचे शेवटचे आकडे 906 किंवा 062. लोखंडीच आहेत, पण त्यांतून हवा जुन्या हेडपेक्षा कितीतरी मोकळी वाहते. जनरल मोटर्सने हीच हेड लावलेलं 350 एचओ नावाचं तयार इंजिन 330 हॉर्सपॉवरचं म्हणून विकलं.

मात्र ही हेड आणली आणि लावली, असं होत नाही. इनटेक मॅनिफोल्डला पूर्वी बारा बोल्ट लागत, इथे आठ लागतात आणि तेही वेगळ्या कोनात, म्हणून मॅनिफोल्ड नवा घ्यावा लागतो. व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट मधोमध. रॉकर सेल्फ-अलाइनिंग प्रकारचे. आणि कॅमची उचल 0.470 इंचाच्या आसपास गेली की व्हॉल्व्हच्या वरचा रिटेनर खालच्या सीलवर आपटतो. तिथे आधी मशीनचं काम करून घ्यावं, नाहीतर कॅम लहान घ्यावा. हेडची किंमत जाहिरातीत पाहून उडी मारणाऱ्यांना ही यादी नंतर कळते.

कॉम्प्रेशनचा हिशोबही इथेच करावा. 355 मध्ये सपाट माथ्याचे पिस्टन, नेहमीचं गॅस्केट आणि 76 सीसीचं हेड धरलं तर प्रमाण साडेआठच्या थोडं वर येतं. तेच पिस्टन ठेवून व्होर्टेकचं 64 सीसीचं हेड लावलं की ते पावणेदहाच्या घरात जातं. लोखंडी हेडला ही जवळजवळ वरची हद्द. मग महागडं प्रीमियम पेट्रोल कायमचं मागे लागतं. साधं पेट्रोल भरायचं असेल तर किंचित खोलगट माथ्याचे पिस्टन घेऊन नऊच्या आसपास राहावं.

भारतातून गेलेल्या वाचकासाठी एक खुलासा: अमेरिकेच्या पंपावरचा 87 हा आकडा पाहून ते पेट्रोल आपल्याकडच्या पूर्वीच्या 91 पेक्षा हलकं वाटतं. तसं नाही. तिथे दोन कसोट्यांची सरासरी छापतात, आपल्याकडे फक्त रिसर्च ऑक्टेन. तिथलं 87 आणि इथलं ते 91 जवळपास एकच.

मोठा कॅम, मोठा कार्ब्युरेटर

उभ्या गाडीचं इंजिन धडधडत राहिलं पाहिजे, या हौसेपायी मोठा कॅम घेतला जातो. मग गाडी उभ्यावरून उचलत नाही, व्हॅक्युम कमी झाल्याने पॉवर ब्रेकचं पेडल दगडासारखं लागतं आणि ऑटोमॅटिक गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर बदलावा लागतो. गाडी खरोखर किती फेऱ्यांत चालते ते आधी पाहा. 26 इंच व्यासाचं चाक, मागच्या अॅक्सलचं प्रमाण 3.08 आणि ताशी 60 मैल वेग असेल तर इंजिन मिनिटाला साधारण 2,400 फेरे घेतं, 3.73 असेल तर 2,900. साडेपाच हजारांपलीकडे ही गाडी वर्षातून किती वेळा जाणार? 0.050 इंच उचलीवर मोजलेला 210 ते 220 अंशांचा कॅम अशा गाडीला शोभतो. तोही कॅम बनवणाऱ्या कंपनीच्या सल्ल्यानुसार जोडीच्या स्प्रिंगसह घ्यावा.

कार्ब्युरेटरचंही तसंच. घनइंचाला आरपीएमने गुणायचं आणि 3,456 ने भागायचं. 350 ला 5,500 फेऱ्यांवर मिनिटाला 557 घनफूट (सीएफएम) हवा लागेल, तीही सिलिंडर शंभर टक्के भरला तर. 85 टक्के धरले तर 473. म्हणजे 600 सीएफएमचा कार्ब्युरेटर पुरेसा आहे, 850 चा घेऊन फक्त पेट्रोल जळतं. गाडीवर मूळचा क्वाड्राजेट असेल तर तो फेकून देऊ नका. 1965 मध्ये आलेल्या या कार्ब्युरेटरची पुढची दोन तोंडं लहान आणि मागची दोन मोठी असतात. मागची तोंडं इंजिन ओढेल तेवढीच उघडतात, म्हणून कागदावर 750 सीएफएम असूनही तो 350 ला चालतो. त्याचा दुरुस्ती संच नव्या कार्ब्युरेटरच्या तुलनेत किरकोळ किमतीत येतो.

शिसं आणि ट्रकचं इंजिन

जुन्या इंजिनाला शिशाचं पेट्रोल नाही म्हणून प्रत्येक टाकीत बाटलीतलं औषध घालावं लागतं, हे खरं नाही. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाच्या पेट्रोलवर 1996 च्या सुरुवातीला बंदी आली, भारतात ते 2000 मध्ये संपलं. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला झिजेपासून वाचवत असे, पण ती झीज मुख्यतः सतत जड भार आणि जास्त वेगावर होते. हेड उघडलंच आहे तर कडक केलेल्या सीट बसवून घ्याव्यात. प्रश्न मिटला.

जनरल मोटर्सचं नंतरचं एलएस इंजिन भंगारातून घेतलं की सगळंच स्वस्तात होतं, हा नव्या पिढीचा गैरसमज. 1999 नंतरच्या ट्रकमधलं 5.3 लिटर इंजिन उत्तम आहे, पण त्याला इंधनाचा दाब 58 पीएसआय हवा, जुन्या कार्ब्युरेटरला सहा पुरत. मग टाकीतला पंप, इंधनाची नळी, कॉम्प्युटर, वायरिंग, वेगळा ऑइल पॅन, माउंट, हेडर ही यादी इंजिनाच्या किमतीपुढे जाते. थोडक्या पैशांत काम करायचं तर त्याआधीच्या पिढीचं, वर सांगितलेलं 1996 ते 2000 चं ट्रकचं 350 मला जास्त पटतं. व्होर्टेक हेड त्यावर आहेतच, कॅमही रोलर. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: त्यातल्या बऱ्याच ब्लॉकना यांत्रिक इंधन पंपाची सोय नाही, म्हणून विजेचा पंप लागतो, आणि 1986 पासून मागचं सील एकसंध झाल्यामुळे फ्लायव्हील किंवा फ्लेक्सप्लेट त्याच काळातली घ्यावी लागते.

पहिली वीस मिनिटं

जुन्या पद्धतीचा सपाट टॅपेटचा कॅम स्वस्त आहे, पण इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर हळूहळू आयडलवर तापू द्यावं, ही समजूत त्याच्या जिवावर उठते. टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो आणि कॅमचा उंचवटा किंचित तिरका घासलेला असतो. त्यामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरतो, आणि फिरला तरच टिकतो. कॅमवर तेल येतं ते बहुतांशी क्रँकने उडवलेलं, आयडलवर ते पुरेसं उडत नाही.

म्हणून जुळणी करताना कॅमच्या प्रत्येक उंचवट्यावर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट चोपडावी. डिस्ट्रिब्युटर काढून त्याच्या जागेतून ड्रिलने तेलपंप फिरवावा, आणि वर रॉकरवर तेल आलेलं दिसेपर्यंत थांबू नये. कार्ब्युरेटरची वाटी पेट्रोलने भरलेली, रेडिएटर पाण्याने भरलेला, टायमिंग आधीच जुळवलेलं. चावी फिरवल्यावर इंजिन लगेच पेटलं पाहिजे, स्टार्टर रेटत बसता कामा नये. पेटताक्षणी 2,000 ते 2,500 फेऱ्यांवर न्यावं आणि फेरे थोडे वर-खाली करत वीस ते तीस मिनिटं तसंच चालू ठेवावं. दुहेरी स्प्रिंग असतील तर आतल्या स्प्रिंग या वेळेपुरत्या काढून ठेवाव्यात.

तेलही साधं नको. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी आजच्या गाड्यांच्या बहुतेक तेलांत फॉस्फरस 800 पीपीएमच्या आत ठेवतात, आणि नेमकं झिंक-फॉस्फरसचं संयुगच या कॅमला सांभाळतं. ब्रेक-इनसाठीचं तेल वेगळं मिळतं, ते घ्यावं. वीस-तीस मिनिटांनी इंजिन बंद करून तेल आणि फिल्टर बदलावा, जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून उजेडात धरावा. राखाडी पेस्टचा थर हा मॉलिब्डेनमचा, त्याची काळजी नको. चमकणारे कण, आणि चुंबकाला चिकटणारे, दिसले तर गाडी चालवू नये. कॅम काढून पाहावा. त्याच दिवशी पाहिला तर बदलायला कॅम आणि टॅपेटच लागतात; तसाच चालवला तर ते कण बेअरिंगमध्ये शिरतात आणि मशीन शॉपमध्ये घातलेला सगळा पैसा पुन्हा घालावा लागतो.