दुष्काळनिधीचे पंच

पावसानें ओढ दिली म्हणजे गांवोगांव धान्यनिधीची भाषा सुरू होते. आपल्या संघाच्या सभासदांपैकींहि कित्येकांनीं असा एखादा कायमचा निधि असावा असें आम्हांस बोलून दाखविलें आहे. ह्या बोलण्यांत एक गोष्ट आम्हांस नेहमीं आढळते. कोणीं किती पायली जोंधळा द्यावा, कोठार कोठें असावें, त्यास कुलूप कसलें घालावें, ह्यांचा खल घटकान्‌घटका चालतो. परंतु निधीचे पंच कोण असावे हा प्रश्न निघाला म्हणजे "गांवांतील चार प्रतिष्ठित गृहस्थ घ्यावे" एवढें बोलून मंडळी उठते. आमचें आयुष्य महसूल कचेरींत याद्या लिहिण्यांत गेलें. त्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, कोठारांत धान्य किती आहे ह्यापेक्षां तें कोणाच्या हातून जातें ह्यावर माणसांचें जगणें-मरणें अधिक अवलंबून असतें. पंचांनीं अशा वेळीं नेमकें काय करावयाचें असतें, हें समजण्यास आयर्लंडांतील एका मंडळाचा इतिहास फार उपयोगी पडतो. शेतकऱ्यास तर तो दूरचा वाटूं नये, कारण त्याची सुरुवात एका पिकाच्या रोगापासून झाली.

बटाट्यावरील करपा खेड-मंचराकडील वाचकांस पूर्ण परिचयाचा आहे. ह्याच रोगानें आयर्लंडांत इ. स. १८४५ सालीं पिकाचा बराच भाग नेला, आणि १८४६ सालीं जवळजवळ सगळें पीक जमिनींतच कुजलें. त्या देशाची वस्ती तेव्हां ऐंशी लाखांवर होती, आणि त्यांतील सुमारें तीस लाख माणसें मुख्यतः बटाट्यावर जगत. जमीन मोठ्या जमीनदारांची. कुळांच्या हातीं एक-दोन एकर, कित्येकांकडे त्याहूनहि कमी. ओट पिके, पण तो खंड भरण्यासाठीं विकावा लागे. घरांत खावयास बटाटाच. सरकारनें रस्त्यांचीं कामें काढलीं, आणि १८४७ च्या मार्चांत त्यांवर सात लाखांहून अधिक मजूर लागले. परंतु धान्य महाग होत गेलें, मजुरी त्याला पुरेना, आणि उपाशी माणूस थंडींत दगड फोडतां फोडतां पडूं लागला. त्या चार-पांच वर्षांत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें व तापानें मेलीं, आणि तितकींच किंवा अधिक देश सोडून गेलीं.

ह्या संकटांत नोव्हेंबर १८४६ मध्यें डब्लिन शहरीं क्वेकर पंथाच्या कांहीं गृहस्थांनीं एक मध्यवर्ती साहाय्यक मंडळ स्थापिलें. हा ख्रिस्ती धर्मांतील एक अगदीं लहान पंथ. साऱ्या आयर्लंडांत त्याचीं माणसें तीन हजारांच्या आसपास. त्यांतील बरेचसे व्यापारी, गिरणीवाले, दुकानदार. मंडळाचे चिटणीस दोन: जोसेफ ब्यूली हे चहा-कॉफीचे व्यापारी, व जोनाथन पिम हे कापडवाले. डब्लिनमध्यें राहणारे एकवीस सभासद नेमले, आणि बाहेरगांवीं राहून पत्रद्वारें माहिती पुरविणारे आणखी एकवीस. ह्यांत जहागीरदार नव्हते, सरकारी अंमलदार नव्हते. माल कोठें मिळतो, गाडीभाडें काय पडतें, पोत्यांत घट किती येते, आणि उधारीवाल्याचा शब्द किती धरावा, हें जाणणारे हे लोक होते. दुष्काळनिधीच्या कामांत दयेबरोबर हें ज्ञानहि लागतें, आणि तें पुष्कळदां सभेच्या अध्यक्षापेक्षां अडत्याजवळ अधिक असतें.

पण त्यांची एक अडचण मोठी होती. दुष्काळ सर्वांत कडक पश्चिमेकडील कॉनॉट प्रांतांत, आणि तेथें क्वेकरांची वस्ती जवळजवळ नाहींच. जेथें आपले डोळे नाहींत तेथें मदत कशी पाठवावी? इंग्लंडांतील विल्यम फॉर्स्टर नांवाचे साठी उलटलेले क्वेकर धर्मोपदेशक त्याच हिवाळ्यांत त्या प्रांतांत गांवोगांव हिंडले व त्यांनीं पाहिलेलें कळविलें. शिवाय मदत मागणाऱ्यांकडून मंडळानें छापील प्रश्नांचीं उत्तरें लिहून घेण्याची वहिवाट ठेविली: वस्ती किती, निराधार कुटुंबें किती, स्थानिक वर्गणी किती जमली, इत्यादि. हीं उत्तरें कॅथलिक पाद्री, प्रॉटेस्टंट पाद्री, गांवांतल्या बायका, ज्यांकडून मिळतील त्यांकडून घेतलीं. ज्याला अन्न द्यावयाचें त्याचा धर्म मात्र विचारावयाचा नाहीं, हें त्यांनीं कटाक्षानें पाळलें. त्याच काळीं सुपाच्या वाटीबरोबर धर्मांतराचा उपदेश करणारेहि कांहीं निघाले होते, आणि त्यांविषयींची कडवट आठवण त्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. क्वेकरांविषयीं ती राहिली नाहीं.

मंडळानें प्रथम अन्न शिजविण्याचे मोठे हंडे गांवोगांव पाठविले. त्यांची संख्या तीनशेंच्या जवळ गेली. डब्लिनमध्यें स्वतःचें सुपाचें दुकान काढलें. ऐपतवान् लोक तिकिटें विकत घेऊन गरिबांस देत. पुढें सरकारनेंहि कायदा करून हीच रीत घेतली, आणि १८४७ च्या उन्हाळ्यांत रोज तीस लाख माणसें सरकारी सुपावर जगलीं. अमेरिकेंतून मका व पीठ जहाजांनीं येऊं लागलें, त्यापैकींहि पुष्कळ ह्याच मंडळाच्या हातून वांटलें गेलें. एकंदरींत सुमारें दोन लक्ष पौंड किंमतीची मदत त्यांनीं पोंचविली.

आतां शेतकऱ्याच्या मुख्य गोष्टीकडे येऊं. १८४७ च्या जूनमध्यें त्या देशाच्या गरिबांच्या कायद्यांत एक कलम घुसविण्यांत आलें. ज्याच्या ताब्यांत पाव एकराहून अधिक जमीन असेल, त्याला सरकारी मदत मिळावयाची नाहीं! आपल्या मापानें दहा गुंठे. म्हणजे पोराच्या तोंडांत घास घालावयाचा तर कुळानें दहा गुंठ्यांवरची जमीन सोडून द्यावी, आणि एकदां सोडली कीं ती पुन्हां हातीं येणार नाहीं. कित्येकांनीं जमीन सोडली, कित्येकांनीं ती धरून ठेविली आणि घरांत मेले. जमीनदारांस मात्र रान मोकळें करण्यास हें कलम फार सोयीचें झालें. कलम सुचविणारे सभासद विल्यम ग्रेगरी हे पुढें सिलोनचे गव्हर्नर झाले.

अन्न देऊन माणूस आज जगतो, पण त्याची शेती पुढच्या सालीं उभी राहिली नाहीं तर तो पुन्हां दारीं येतो, हें ह्या मंडळाच्या ध्यानांत लवकर आलें. विल्यम टॉडहंटर ह्या सभासदाच्या पुढाकारानें १८४७ सालीं शलगम, गाजर वगैरेंचें सुमारें ४०,००० पौंड बीं सरकारी सांठ्यांतून फुकट मिळवून ४०,००० च्या वर लहान शेतकऱ्यांस वांटण्यांत आलें. पुढच्या वर्षीं ही वांटणी आणखी पुष्कळ वाढविली. ह्या निवडींतील धोरण पाहण्यासारखें आहे. बटाट्याचें बेणें दिलें असतें तर करप्याची धास्ती, आणि उपाशी घरांत तें पेरण्याआधींच शिजलें असतें. शलगमाचें बीं बारीक, तें खाऊन पोट भरत नाहीं. ओझें हलकें, दूर पाठविण्यास खर्च थोडा, आणि पीक थोड्या महिन्यांत हातीं येतें. बियाणें देतांना तें खाल्लें जाईल कीं पेरलें जाईल, हा विचार कोठारावर बसणाऱ्या पंचास सुचला पाहिजे. आणि तो सुचण्यास त्याच्या घरांत कधीं तरी चूल अडलेली असावी लागते असें आम्हांस वाटतें. तशीच गोष्ट गॉलवे बंदराजवळील क्लॅडा येथील कोळ्यांची. त्यांनीं भुकेपोटीं जाळीं गहाण टाकलीं होतीं, आणि जाळ्यांवांचून समुद्र समोर असून उपयोग नव्हता. मंडळानें त्यांस कर्ज देऊन जाळीं सोडविलीं.

ह्या पंचांचें सगळेंच साधलें असें मात्र नाहीं. गॉलवे परगण्यांत त्यांनीं नमुन्याचें एक मोठें शेत काढलें. तें कधीं पोटापुरतें कमावूं शकलें नाहीं. व्यापाऱ्याला शेत चालवितां येईलच असें नाहीं, हें आमच्या वाचकांस कोणी सांगावयास नको. दुसरें अधिक गंभीर. १८४७ च्या शरदांत सरकारी सूप बंद झाल्यावर मंडळानेंहि शिजलेलें अन्न पुन्हां सुरू न करतां बियाणें, मासेमारी, उद्योग ह्यांकडे पैसा वळविला. पुढच्या हिवाळ्यांतहि माणसें मेलीं. दोहोंपैकीं काय करावयास हवें होतें, ह्याविषयीं आजहि मतभेद होऊं शकतो. आमचें मत असें कीं, निदान म्हातारेकोतारे व मुलें ह्यांपुरते कांहीं हंडे चालू ठेवावयास हवे होते. ज्याला नांगर धरतां येत नाहीं त्याला बीं देऊन काय होणार? मंडळाच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, त्यांची माणसेंहि थकलीं होतीं. पिम ह्यांची प्रकृति कामाच्या ताणानें ढांसळली, आणि ब्यूली हे १८५१ सालीं वारले.

जून १८४९ मध्यें सरकारी तिजोरीचे अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन ह्यांनीं मंडळास पत्र लिहून काम पुन्हां सुरू करण्याची सूचना केली, व पंतप्रधानांतर्फे १०० पौंड देऊं केले. (हेच ट्रेव्हेल्यन पुढें मद्रासचे गव्हर्नर व कलकत्त्यास अर्थमंत्री झाले.) मंडळानें नम्रपणें नकार दिला. आतां हें काम खाजगी वर्गणीच्या आटोक्याबाहेर गेलें असून तें सरकारच करूं शकेल, आणि जमिनीची व्यवस्था मुळांतून सुधारल्यावांचून भूक हटणार नाहीं, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. शंभर पौंड घेऊन चार पोतीं वांटलीं असतीं तर सरकारची जबाबदारी झांकली गेली असती. पंचांनीं "आमच्याच्यानें होत नाहीं" असें लेखी कळविणें हेंहि त्यांचें कर्तव्य असतें. आमच्या सगळ्या नोकरींत असें पत्र आम्हीं एकहि पाहिलें नाहीं. १८५२ सालीं मंडळानें आपल्या कामाचा जाड अहवाल पत्रव्यवहारासह छापून प्रसिद्ध केला.

आपल्या देशांतहि असे प्रयत्न झाले आहेत. १८९७ च्या दुष्काळांत धर्मादाय निधि उभारला गेला व त्यांत दीड कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमली. मध्यवर्ती मंडळ कलकत्त्यास, अध्यक्ष तेथील मुख्य न्यायाधीश सर फ्रान्सिस मॅक्लीन. खालीं प्रांतांच्या व जिल्ह्यांच्या समित्या. खर्चाचीं सदरें चार ठरविलीं होतीं: अशक्तांस सरकारी अन्नावर थोडी भर व वस्त्र, अनाथ मुलांचें पोषण, उघड हात पसरूं न शकणाऱ्या अब्रूदार गरिबांस गुप्त मदत, आणि सर्वस्व गेलेल्यांस बैल-बियाणें देऊन पुन्हां उभें करणें. पैशाचा मोठा भाग ह्या चौथ्या सदराखालीं गेला. पुढें १९०० सालीं जयपूरचे महाराज माधोसिंह ह्यांनीं कित्येक लक्षांचे सरकारी रोखे देऊन कायमचा दुष्काळनिधि स्थापिला. मुद्दल राखावें, उत्पन्न खर्चावें, आणि कारभार निरनिराळ्या प्रांतांतील सभासदांच्या मंडळानें पाहावा अशी त्याची योजना होती.

इतकें लिहिल्यावर आमच्या हातून झालेली एक चूक सांगणें प्राप्त आहे. एका अवर्षणाच्या सालीं एका तालुक्याच्या गांवीं आम्ही नोकरीस असतां एका धर्मादाय संस्थेचें धान्य वांटावयास आलें. गांवच्या पंचांनीं यादी केली. अक्षर सुरेख, खाडाखोड नाहीं, चौघांच्या सह्या. आम्हीं ती एका दुपारींत तपासून पुढें धाडली. महिन्यानें ओढ्यापलीकडल्या वस्तीवरची एक बाई कचेरींत आली. नवरा ऊसतोडीस गेला होता, तो परतला नव्हता. पदरीं दोन मुलें, आणि नांवावर दीड एकर. तिचें नांव यादींत नव्हतें. आम्हीं विचारलें, "बाई, यादी होतांना चावडीवर कां आलां नाहींत?" ती म्हणाली, "भाऊसाहेब, दवंडी गावांत फिरली. वढ्याच्या अल्याड कुनी आलंच न्हाई." पुढच्या वांटणींत तिचें नांव घातलें. तोंवर घरांतलें बियाणाचें जोंधळें तिनें दळून खाल्लें होतें. त्या सालीं तिचें रान तिला पेरतां आलें नाहीं. तें ज्यानें वाट्यानें केलें, त्याचें नांव त्या सुरेख यादींत तिसरें होतें, आणि तो एका पंचाचा भाऊ होता. बेकायदा असें त्यांत कांहींच नव्हतें.

म्हणून आपला निधि निघालाच, तर पंचांपैकीं निदान एक ओढ्यापलीकडचा असावा, एक भूमिहीन मजुरांपैकीं असावा, आणि एखादी बाई तरी अवश्य असावी. घरांत काय शिजतें तें पुरुषांस उशिरां कळतें. जो व्याजानें पैसा लावतो किंवा दुसऱ्यांचीं रानें वाट्यानें करतो, त्याच्या हातीं कोठाराची किल्ली नसावी. यादी चावडीवर चिकटवून थांबूं नये. ती प्रत्येक वस्तीवर मोठ्यानें वाचावी, आणि वाचल्यावर एक दिवस थांबून मग सही करावी. बियाणाचें धान्य व खाण्याचें धान्य ह्यांचे कणगे निराळे असावे.

कायद्याची बाजू थोडक्यांत. असा निधि सार्वजनिक न्यास ठरतो, आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणें त्याची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयांत करावी लागते. दरसाल हिशेब तपासून घ्यावा लागतो. विश्वस्त बदलला किंवा वारला तर ९० दिवसांच्या आंत कळवावें लागतें. बहुतेक गांवांचे न्यास येथेंच अडकतात, कारण मयत विश्वस्ताचें नांव दहा-दहा वर्षें तसेंच राहतें आणि मग सही करण्यास कोणी अधिकृत उरत नाहीं. न्यासाची जमीन-जागा विकावयाची तर आयुक्तांची परवानगी आधीं पाहिजे. कागद तयार करून देण्याचें काम आम्ही आनंदानें करूं. पंचांची निवड मात्र खळीं होण्यापूर्वींच्या सभेंत व्हावी. सुगींत धान्य घरोघर गेल्यावर सभेस माणसें जमत नाहींत, आणि मग ते "चार प्रतिष्ठित गृहस्थ" आपोआपच नेमले जातात.